दोन अर्थ कमी

"पहिले दोन अर्थ काढून टाका," शिक्षण खात्याचा अधिकारी प्रुफावर बोट ठेवून म्हणाला.

शाळांसाठी केलेला इंग्रजी शब्दकोश छपाईला निघाला होता. 'रेव्होल्यूशन'खाली तीन अर्थ होते: उठाव करून सत्ता उलथवणे, मुळापासून बदल, गोल फिरून मूळ जागी परत येणे. पोरांच्या डोक्यात नसती खुळं नकोत, असं अधिकाऱ्याचं म्हणणं.

सहसंपादक बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या उठावाने हे सरकार खुर्चीवर बसवलं, त्यात सहा वर्षांपूर्वी त्यांचा धाकटा भाऊ गोळी लागून गेला होता. त्याची मुलगी त्यांच्याकडेच वाढत होती. आधीच्या सरकारनेही शब्दच कापले होते. आता हे कापायला आले होते.

सर याला खडसावतील, म्हणून त्यांनी मुख्य संपादकांकडे पाहिलं. सरांनी मान डोलावली, लाल पेनाने दोन्ही अर्थांवर काट मारली आणि अधिकाऱ्यासाठी चहा मागवला.

तो गेल्यावर बाईंनी दार लोटलं. वीस वर्षं ज्यांच्याबरोबर एकेका वेलांटीसाठी भांडलो, त्यांनी असं शेपूट घालावं? त्या तोंडाला येईल ते बोलल्या. सर चष्मा पुसत राहिले.

"माझ्या भावावर काट मारलीत तुम्ही."

"उरलेला अर्थ खोटा नाही, बाई," सर म्हणाले.

बाईंनी तिथल्या तिथे राजीनामा खरडला. निदान थांबा तरी म्हणतील, असं कुठेतरी वाटत होतं. सरांनी सही केली, शिक्का मारला, तारीख घातली. पहिल्या पानावरचं तुमचं नावही काढतो, म्हणाले. बाई दार आपटून बाहेर पडल्या. सरांचा फोन आला तर घ्यायचा नाही, असं त्यांनी घरी बजावलं. फोन आलाच नाही.

दीड महिन्याने भाची शाळेतून धापा टाकत आली. सकाळी वाटलेले कोश दुपारी परत गोळा केले होते. संपादकांना पोलीस घेऊन गेले, असं शिक्षक आपसात बोलत होते. तिने दप्तरात दडवलेली प्रत काढून दिली.

बाईंनी उभ्या उभ्याच पान उघडलं.

'रेव्होल्यूशन: गोल फिरून मूळ जागी परत येणे. वाक्यात उपयोग: आपल्या देशात सहा वर्षांपूर्वी एक रेव्होल्यूशन पूर्ण झाले.'