सवतीचा स्टॅबिलायझर

पाहुण्याने पिकोवर, नाचाच्या गाण्यांच्या त्या भल्यामोठ्या स्पीकरवर, नुसतं कोपर टेकवलं तरी ज्याचा जीव वरखाली व्हायचा, तो उबाल्दो हल्ली अंगणातल्या रविवारच्या तिकिटाच्या नाचाला पिको सरळ भिंतीतल्या प्लगला लावत होता. मधे स्टॅबिलायझर नाही, काही नाही. बारांकिया शहरात दुपार झाली, गल्लीभर पंखे फिरू लागले, की लाइट अशी खालीवर होते की बल्ब घडीत पिवळा, घडीत पांढराफेक. आणि हा बाप्या प्लगवर हात ठेवून बल्बकडे टक लावून बसलेला. बल्ब मिचकावला की खटकन प्लग ओढायचा. नाचणाऱ्यांचे पाय हवेतच राहायचे.

स्टॅबिलायझर दुरुस्तीला दिलाय, एवढंच तो म्हणायचा. कुणाकडे, ते सांगत नव्हता.

त्याची बायको एतिल्विया त्या पिकोला सवत म्हणायची, आणि उगाच नव्हे. माणसाहून उंच स्पीकर, त्याच्या पडद्यावर रंगवलेली मुकुटवाली बाई, खाली तिचं नाव: ला मार्केसा. ती गात असताना एतिल्वियाने इस्त्री लावायची नाही, मिक्सर लावायचा नाही, फ्रिजसुद्धा बंद. राणीसरकारांना करंट कमी पडायला नको. थोरल्याच्या वेळी एतिल्विया कळा देत होती आणि लाइट भडकली, तेव्हाही हा आधी मार्केसाकडे धावला होता. तिच्या स्टॅबिलायझरवरसुद्धा त्याने लाल रंगाने तिचंच नाव घातलं होतं. त्याच्यावर कुणी कप ठेवायची हिंमत करत नसे. नावं खरवडायचा तो फक्त रेकॉर्डवरची. सगळेच पिकोवाले खरवडतात, ब्लेडने, म्हणजे गाणं कुठलं ते दुसऱ्या पिकोवाल्याला कळत नाही.

त्या रविवारी गाणं चौथ्यांदा मधेच तुटलं तेव्हा एतिल्विया उठली आणि नातीचा झगा आणायला एवेर्लिदेसकडे गेली. एवेर्लिदेस शिवणकाम करायची. विधवा, मुलगी पनामात. मुलीने पाठवलेला नवा म्युझिक सेट टेबलावर हळू आवाजात वाजत होता. एवेर्लिदेस गुडघ्यांवर बसून झग्याच्या शेवटच्या दुमडीला टाचण्या लावत होती.

बल्ब पिवळा पडला. टेबलाखालून आवाज आला, टक. मग दम खाऊन दुसरा, टक. गाणं जराही हललं नाही.

एतिल्वियाचा हात खुर्चीच्या पाठीवरच राहिला. कार्निव्हलच्या मिरवणुकीत ट्रकवरून पडल्यापासून तो स्टॅबिलायझर असा लंगडत बोलायचा. ते लंगडणं तिने झोपेतही ओळखलं असतं.

ती वाकली. टेबलाखाली स्टॅबिलायझरची पेटी, पेटीवर क्रोशाचा रुमाल, रुमालावर कागदी फुलांचा ग्लास. लाल नावाच्या जागी उघडा पत्रा होता आणि ब्लेडच्या बारीक, एकाला एक लागून ओढलेल्या रेघा. हा हात कुणाचा, हे काही तिला विचारावं लागलं नाही.

एवेर्लिदेसने तोंडातल्या टाचण्या काढल्या. "ते म्हणाले, घरी नुसता पडून असतो."

"घरी आणखी काय काय पडून असतं म्हणाला?"

एवेर्लिदेस पुन्हा एकेक टाचणी तोंडात धरू लागली.

एतिल्वियाने तिच्याकडे पाहिलं. कंबर अजून जागेवर होती, कानात नवे डूल होते. पण तिला लागलं ते डुलांचं नाही. सेटजवळ एक खुर्ची होती, बसणाऱ्याला पाय लांब करता यावेत अशी ओढून ठेवलेली. अख्ख्या गल्लीच्या कानठळ्या बसवणाऱ्या त्या माणसाने एतिल्वियासाठी आजवर एक गाणं हळू आवाजात लावलं नव्हतं.

तिने ग्लास उचलून बाजूला ठेवला. रुमालाची नीट घडी केली आणि एवेर्लिदेसच्या हातात दिली. मग प्लग काढला. गाणं शब्दाच्या मधेच मेलं.

ती जड पेटी तिने कळशीसारखी कमरेवर घेतली आणि भर उन्हातून निघाली. कोपऱ्यावर डॉमिनो खेळणाऱ्यांपैकी एकाचा ठोकळा हातातच राहिला. झगा मागेच राहिला होता.

अंगणात नाच रंगात आला होता. उबाल्दोने आधी पेटी पाहिली, मग बायकोचं तोंड. त्याचा हात प्लगवरून आपोआप निघाला आणि तो उभा राहिला. तिने त्याला कोपराने सरकवलं आणि प्लग ओढला. नाचणारे थबकले. तिने पेटी भिंतीशी ठेवली, पत्र्याची खरवडलेली बाजू लोकांकडे केली आणि मार्केसाला तिच्या स्टॅबिलायझरला जोडलं.

टक. आणि दम खाऊन, टक.

मार्केसाचे जुने व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो. तोवर आवाज फुटत नाही. तेवढ्या शांततेत अंगणातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं, पण आवाज न चढवता, एतिल्विया म्हणाली, "बाई ठेवलीस, ठेव. या गल्लीत तू काही पहिला नाहीस. पण जिने तुला जन्मभर पोसलं, तिचं नाव ब्लेडने खरवडलंस, उबाल्दो. माझं तू कधी कुठे लिहिलंच नव्हतंस, म्हणून ते वाचलं. आता ही मार्केसा माझ्यापाशी राहील. तू जा, तिकडे हळू आवाजात ऐकत बस."