कॅसेटची पाठ

ओसाकाच्या जुन्या गेमच्या बाजारात मी स्टॉल लावते. भंगारातली गेमची कॅसेट उघडायची, आतली चिप उपटून आपली बसवायची, की टीव्हीवर गेमऐवजी मी रचलेली टुणटुण गाणी वाजतात. शाळेत माझ्या वर्गात असलेला कुसुमोतो समोरच दुकान थाटून बसलाय, आणि गिऱ्हाइकांसमोर माझी लाज काढल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नाही.

“खाटीक आहेस तू, इबुकी!” काल तो ओरडला. “कुणाचं तरी बालपण फाडतेस आणि त्यात पिपाण्या भरतेस!”

“मग विकत घे ना ते बालपण! उसनी दिलेली कॅसेट परत यावी म्हणून पोरांनी पाठीवर नावं घातली, तर तुम्ही दुकानदार त्यांना डागी म्हणून भंगारात फेकता.”

“फेकणारे वेगळे. मी जपणारा आहे.” त्याने काचेच्या पेटीतल्या सोनेरी कॅसेटकडे बोट केलं. “तिसरीत असल्यापासून आहे माझ्याकडे. विकायची नाही, उघडायची नाही. एक ओरखडा दाखव! आणि हात लावू नकोस, तुझी लायकी नाही.”

गिऱ्हाइकं हसली. मग मात्र मी समोर जाऊन त्याची पेटी उघडली, कॅसेट उचलली आणि उलटी केली.

 

“खरंच, एक ओरखडा नाही,” मी म्हटलं, आणि पाठीवर तिसरीतल्या माझ्याच वाकड्या अक्षरात लिहिलेलं माझं नाव त्याच्या गिऱ्हाइकांना मोठ्यांदा वाचून दाखवलं.