राहिलेला सण

देशोदेशीच्या सणांवर लिहिणाऱ्या त्या लेखिकेचं विमान चुकलं आणि ती एक दिवस उशिरा पोहोचली. रस्त्यावर फाटक्या पताका झाडणं चाललं होतं. फोनवर संपादक उखडले, "आता काय, केरकचऱ्यावर लिहिणार?"

"वर्षभर या मिरवणुकीची वाट बघितली हो! सगळं मुसळ केरात गेलं," तिने भाड्याने घेतलेल्या खोलीच्या मालकीणबाईंपुढे चिडचिड केली. बाई एवढंच म्हणाल्या, "संध्याकाळी अंगणात या."

संध्याकाळी अंगणात शेजारीपाजारी पुन्हा नटूनथटून जमले होते. ढोल घुमू लागले, मुखवटे घातलेली माणसं फेर धरून नाचू लागली. लेखिका घाईघाईने सगळ्यांच्या पुढे गेली आणि कॅमेरा उंच धरून फोटो काढत सुटली. मालकीणबाई जवळ येताच तिने त्यांचा हात धरला. "माझ्या एकटीसाठी एवढं केलंत?"



"तुमच्यासाठी? नाही हो, काल आमच्या सुनेची दवाखान्यात ड्युटी होती, तिचा सण राहिला होता. तुम्ही जरा बाजूला सरता का? तिला काही दिसत नाहीये."