शुक्रवारी बंद करणे

जनावरांच्या दवाखान्यातल्या मागच्या खोलीत, कुत्र्यांच्या खाण्याच्या पोत्यांना पाठ लावून ब्रेन्ना सर्व्हरसमोर बसली होती. ती इथली मदतनीस, आणि कॉलेजात संगणकाचं शिकत होती. सोमवारी कुणीतरी बाहेरून आत शिरून बारा वर्षांच्या नोंदींना कुलूप ठोकलं होतं. कुठल्या घोडीला कोणतं औषध चालत नाही, कुठल्या मांजराचं काय कापलंय, सगळं गेलं. आज गुरुवार. सर्व्हर नव्याने बसवायचा आणि चोर शिरले कुठून ते शोधायचं, हे काम तिच्याकडे होतं. बैल गेला अन् झोपा केला, त्यातलाच प्रकार.

वाट सापडायला दहा मिनिटं लागली.

कुणाला आत सोडायचं, कुणाला नाही, या फायरवॉलच्या यादीत सातव्या ओळीत एक दार सताड उघडं होतं. पुढे शेरा होता : ‘तात्पुरते. शुक्रवारी बंद करणे. ब्रेन्ना.’ उघडलेल्या प्रत्येक दारापुढे आपलं नाव घालायचं, हे कॉलेजातल्या मास्तरांनी पहिल्याच दिवशी घोटून घेतलं होतं. नाव तिने इमानाने घातलं होतं. फेब्रुवारीत रस्ते बर्फाने बंद झाले, तेव्हा घरबसल्या या सर्व्हरवर अभ्यासाचा सराव करता यावा म्हणून तिने ते दार उघडलं. त्यानंतर पाच शुक्रवार होऊन गेले होते.

तिने ती ओळ पुन्हा एकदा वाचली.

सोमवारी दवाखान्याचे मालक डॉक्टर टॉफ्टे यांनी हे झालं कसं म्हणून विचारलं, तेव्हा ती म्हणाली होती, “एखाद्या ईमेलमधून आलं असेल.” नुसतं ‘असेल’. पण सगळ्यांच्या माना काउंटरवरच्या आर्डेनकडे वळल्या. आर्डेन अडुसष्ट वर्षांचा. ईमेलमध्ये पिल्लाचा फोटो आला की उघडल्याशिवाय त्याला राहवत नाही, हे गावाला ठाऊक होतं.

दार ढकलून आर्डेनच आत आला. तिने घाईने संगणकाचा स्क्रीन बंद केला.

“पोरी, जरा बघतेस? शुद्धलेखनात मी शाळेपासून ढ.” त्याने हाताने लिहिलेला कागद पुढे केला. चार ओळी होत्या. चूक माझी आहे, दिलगीर आहे, उद्यापासून येणार नाही.

“नोकरी सोडताय?”

“टॉफ्टे मला काढायचा नाही. त्याच्या बापाच्या वेळचा ना मी. मग त्याला कशाला पेचात टाकू?”

“पण तुमच्याच हातून झालं कशावरून?”

“तूच म्हणालीस की, ईमेलमधून. ते टोपी घातलेलं पिल्लू होतं बघ, तेच असणार. आपल्यात तुझ्याएवढं यातलं कळतंय कुणाला?”

आता सांगायला हवं होतं. जूनपासून दवाखान्याचं संगणकाचं सगळं काम तू बघ, असं डॉक्टर म्हणाले होते. मग कुत्र्यांचे पाय धरून ठेवणं सुटणार होतं. तिला स्वतःची लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटत होती.

“‘दिलगीर’मध्ये एक अक्षर राहिलंय,” ती म्हणाली.

“बघ, म्हटलं नव्हतं? तूच घाल. तुझं अक्षर बरं आहे.”

तिने पेन घेतलं आणि अक्षर घातलं. त्या अख्ख्या माफीत तिचं म्हणून तेवढंच.

आर्डेनने शाईवर फुंकर मारली, कागदाची नीट घडी केली. दाराशी जाऊन तो थांबला.

“चार दिवस ज्याने त्याने मला धुतलंय,” तो म्हणाला. “तू मात्र एका शब्दाने बोलली नाहीस.”