पेटीवरच्या चिठ्ठ्या

"बाई, खोलीतल्या सगळ्या तांब्याच्या तारा चालू आहेत, त्यांचे दिवे हिरवे आहेत. फक्त बाहेरून नेट आणणाऱ्या फायबरचा, म्हणजे काचेच्या तारांचा, दिवा लागत नाही," नेटच्या तारा जोडणाऱ्या स्विचच्या पेटीपुढे बसलेला नेटवाला मोठ्या बाईंना म्हणाला. अकराला बाकांवर वाट पाहणाऱ्या मुलींची ऑनलाइन प्रश्नमंजूषा होती. दहाच मिनिटं उरली होती.

मी शाळेची शिपाईबाई, केर काढता काढता डोकावले. कालच रंगाऱ्याने ती पेटी उतरवून पुन्हा बसवली होती. फायबरच्या दोन तारांना मी जूनमध्ये चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, अ आणि आ. पेटीतल्या त्यांच्या भोकांनाही तशाच. मुलींकडून अक्षरं शिकत होते, दिसेल त्यावर लिहीत सुटले होते. "मावशी, आता माझ्या कपाळावर लिहा!" मोठ्या बाई चिडायच्या.

"दादा, अच्या भोकात आ बसलाय."

त्याने वाकून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "एक तार माहिती पाठवते, दुसरी आणते. रंगाऱ्याने अदलाबदल केलीय!"

तारा बदलताच दिवा हिरवा झाला. मुली बाकांवर नाचू लागल्या.

मोठ्या बाईंनी स्वतःचं पेन माझ्या हाती दिलं. "मावशी, पेटीवरही नाव घाला."

मी लिहिलं, 'स्विच'. जोडाक्षर पहिल्याच झटक्यात जमलं.