नायकाची मुदत

तालमीत भाऊसाहेबांची खोटी मिशी डावीकडून अर्धा सेंटीमीटर घसरली होती. नायिकेपुढे टेकलेला गुडघा उचलायला त्यांना दोन माणसे लागली.

आणीबाणीत घटनादुरुस्ती होऊन लोकसभेची मुदत पाचाची सहा वर्षे झाली, तेव्हा भाऊसाहेबांनी नाट्यमंडळाचा नियम बदलून नायकाचीही सहा करून घेतली होती. आज पेपरात होते, संसदेने ती दुरुस्ती फिरवली.

"काका, लोकसभेची पुन्हा पाच झाली. तुमची सहा कशी?" नायिका झालेल्या नलूने विचारले.

"दिल्लीचं दिल्लीत!"

"वाढवताना बरी दिल्ली शेजारी होती!"

सगळे हसले. भाऊसाहेबांनी नाटकातल्या सासऱ्याकडे पाहिले. त्याला तिन्ही अंकांत बसायला खुर्ची होती, दुसऱ्यात खायला खरा शिराही. मग त्यांनी कित्येक तालमी टाळलेले बोलून टाकले.

"नायक दुसरा शोधा. सासरा मी करतो."