दुसरा झेंडा

“बंदूक धरायला बावीस जण, आणि झेंडा धरायला एकही नाही?”

दत्तोबांचा आवाज अंगणातून थेट आत आला. त्यांच्या बायकोने, शालूने, पाळण्याची दोरी थांबवली.

बाहेर सतरंजीवर लोणावळ्याच्या नेमबाजी मंडळाची माणसं बसली होती. कुणी नखं न्याहाळत होतं, कुणी समोरचा डोंगर. दर रविवारी आठच्या ठोक्याला चांदमारी सुरू व्हायची. निशाणांच्या मागूनच खालच्या वाडीची पायवाट जायची. गोळ्या सुटायच्या आधी त्या वाटेच्या दोन्ही तोंडांना एकेक लाल झेंडा रोवायचा आणि मंडळातल्या एकाने आपखुशीने राखणीला बसायचं. एवढंच काम. पण गेल्या रविवारपासून ते कुणी अंगावर घेईना.

गेल्या रविवारी वाटेच्या वरच्या तोंडाला झेंडाच नव्हता. गवताचा भारा घेऊन मुक्ताबाई बिनघोर उतरली आणि गोळी तिच्या दंडाला चाटून गेली. चार बोटं इकडे लागती, तर बाई भाऱ्यासकट तिथेच राहती.

राखणीला होता हौशीराम. रेल्वेतला गँगमन. आज तो सतरंजीच्या बाहेर, चपलांच्या ढिगाशेजारी बसला होता.

“लाल झेंड्यावर आगगाडी थांबवतोस की रे,” कुणीतरी म्हणालं, “एक बाई नाही थांबली तुझ्याच्यानं?”

दोघं-तिघं हसले. हौशीराम हसला नाही, रागावलाही नाही.

आत शालूची नजर खुंटीकडे गेली.

दत्तोबा मंडळाचे चिटणीस. झेंड्यांची पिशवी घरातच, खुंटीला असायची. पिशवीत दोन झेंडे. अगदी सारखे. राखणीला माणूस एकच जातो, मग झेंडाही एकच लागत असणार, दुसरा आपला जास्तीचा, असं शालूने मनाशी धरलं होतं. लढाईचे दिवस होते. कापड कंट्रोलवर. दोन महिन्यांचं लेकरू, लोणावळ्याचं वारं आणि उघडी टाळू. एका दुपारी, दत्तोबा कामावर गेलेले असताना, तिने कात्री लावली. काठी घालायचा नेफा मात्र उसवला नाही. आयताच होता, त्यातूनच नाडी ओवली. कुंची झोकात झाली.

“ही कुठली गं?” दत्तोबांनी विचारलं होतं.

“आईनं धाडली.”

पुरुषांना कुंचीतलं काय कळतंय!

रविवारी मैदानावर हौशीराम गळ्याला हात लावून सांगत होता म्हणे, “पिशवीत एकच निघाला वो! खालच्या तोंडाला रोवला, अन् वरच्या तोंडाला सोता हुबं ऱ्हायला पळालो, तवर आठ वाजलं.” कुणाला ते पटलं नाही. दत्तोबांनाही नाही. दर शनिवारी ते खुंटीची पिशवी उचलून देत, उघडून कधी बघत नसत. त्या दिवशी दिवस कलताना हौशीराम पिशवी परत द्यायला घरी आला. बाळ पाळण्यात होतं. त्याने पाळण्याला एक झोका दिला आणि जरा वेळ तसाच उभा राहिला. मग अंगणात जाऊन दत्तोबांना म्हणाला, “माझ्याच हातनं पडला असंल वाटंत.”

दाराआड शालूला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याचीच तिला आठ दिवस लाज वाटत होती.

मधल्या वारी ती वाटीभर तूप घेऊन मुक्ताबाईकडे गेली. दंडाला फडकं बांधून बाई चुलीपुढे बसली होती. तिने एका हाताने बाळाच्या गालावरून बोटं फिरवून कानशिलावर कडाकडा मोडली. “औक्षवंत हो रं माझ्या राजा,” ती म्हणाली. “अन् त्या हौश्याचं मातुर वाटोळं हुईल, बघ पोरी.” शालू घरी आली ती पदर तोंडात कोंबून. आशीर्वाद एका घरी आणि शाप दुसऱ्या घरी. दोन्हींची अदलाबदल करायला पाहिजे होती. तरी सकाळ झाली की बाळाला न्हाऊ घालून ती तीच कुंची बांधायची. दुसरी होतीच कुठे?

“मग असं करू,” बाहेर दत्तोबा म्हणाले. “हौशीरामचं नाव मंडळातून काढू. हा डाग गेल्याशिवाय दुसरं कुणी पुढे यायचं नाही.”

“काढा,” सगळ्यांना एकदम वाचा फुटली.

हौशीराम गुमान उठला आणि चपला शोधू लागला.

शालू बाळाला उचलून बाहेर आली. बैठकीत बायका येत नसत. सगळे सावरून बसले. तिने उभ्याउभ्याच नाडीची गाठ सोडली.

“अगं, वारं आहे बाहेर!” दत्तोबा ओरडले.

तिने कुंची त्यांच्यापुढे सतरंजीवर ठेवली. खाली बसून नेफ्यात बोट घातलं. काठीने मळलेली आतली बाजू उलटून दाखवली.

“दुसरा झेंडा,” ती म्हणाली. “मी कापला. हौशीरामभाऊंनी काही हरवलं नाही. मुक्ताबाईला लागलं ते माझ्यामुळे.”

दत्तोबा नेफ्याकडे पाहत राहिले. बाळाने तेवढ्यात एक शिंक दिली.

हौशीराम एका पायात चप्पल घालून होता. तसाच तो परत फिरला. सतरंजीवरची कुंची उचलून त्याने झटकली आणि शालूपुढे धरली.

“घाला ती पयली, वहिनी,” तो म्हणाला. “म्या रविवारीच वळखली व्हती. लेकराची टाळू भरूस्तवर वरच्या तोंडाला मीच हुबा ऱ्हाईन.”